माकडे, माकडताप आणि काजूची बाग: पैसा नेमका कुठे घालावा?

प्रश्न असा आहे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात दोन एकर काजू, बांधाला काही माड. घरी आई-वडील आणि वहिनी. विचारणारे स्वतः मुंबईत नोकरीला. हंगामात माकडांचा कळप रोज बागेत उतरतो, रात्री रानडुकरे नवी माडाची रोपे उखडतात. राखणदार ठेवावा, सौर कुंपण घालावे, वनखात्याकडे भरपाई मागावी, की गावाने मिळून माकडे पकडून न्यायला लावावीत? माकडताप (रानालगतच्या गावांत येणारा, जिवावर बेतू शकणारा विषाणूचा ताप) हाही माकडांमुळेच येतो, मग माकडे गेली की दोन्ही त्रास एकदम संपतील ना? आणि शेवटी एक ओळ: ‘की बाग मोडून सरळ रबर लावू?’

आधी थोडक्यात सांगतो. माकडे हलवल्याने ताप जाणार नाही. आणि तुमच्या बागेत पहिला खर्च पिकाच्या राखणीवर करू नका, बागेत वावरणाऱ्या माणसांच्या राखणीवर करा. हे भावनेपोटी सांगत नाही, आकडे मांडले की तेच निघते. खालच्या हिशेबात जिथे ‘धरा’ म्हटले आहे तिथे तुमचे स्वतःचे आकडे घाला. रीत तीच राहील.

सात बाय सात मीटरवर लागवड असेल तर हेक्टरी साधारण २०० कलमे बसतात, म्हणजे एकरी ८० आणि तुमच्याकडे १६०. झाडामागे सरासरी पाच किलो बी धरा, किलोला १२० रुपये धरा. ८०० किलो, ९६,००० रुपये. माकडांनी १५ टक्के नेले असे धरले तर १४,४०० रुपयांचे नुकसान.

पण ते १५ टक्के कुठून आले? बहुतेक बागायतदार हा आकडा रागाच्या भरात सांगतात, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. तरीही मोजायला हवे. काजूत एक बारकावा आहे. माकड बोंडू (बीच्या वरचे रसाळ फळ) चावते, थोडा खाते आणि टाकून देते. बी पिकलेली असेल तर ती झाडाखालीच पडते आणि तुमच्या पिशवीत येते. ते बीचे नुकसान नाही. खरे नुकसान हिरव्या, कोवळ्या बीचे, जी पडली की फुकट जाते. म्हणून रानाच्या कडेची पाच आणि घराकडची पाच झाडे निवडा, त्यांना चुन्याची खूण करा आणि आठवड्यातून एकदा त्यांच्याखालच्या हिरव्या बिया मोजून वहीत लिहा. दोन ओळींमधला फरक हा तुमचा खरा आकडा. गोव्यात, जिथे बोंडू हुर्राक-फेणीसाठी विकला जातो, तिथे मात्र चावलेला बोंडूसुद्धा तोट्यात धरावा लागतो. सत्तरीतला आणि दोडामार्गातला बागायतदार शेजारी असले तरी त्यांचा हिशेब वेगळा.

माडाचेही तसेच. खाली पडलेला नारळ हातात घेऊन बघा. देठाजवळ गोल भोक असेल तर ते काम उंदराचे आहे, माकडाचे नाही. त्यावर उपाय स्वस्त आहे: जमिनीपासून पुरुषभर उंचीवर खोडाला फूटभर रुंद पत्र्याचा पट्टा, आणि दोन माडांच्या झावळ्या एकमेकांत शिरत असतील तर त्या छाटणे. उंदराचे पाप माकडाच्या माथी मारून राखणदारावर पैसे घालणारे लोक मी बरेच पाहिले आहेत.

मोजण्यावर इतका भर देतो त्याला आणखी एक कारण आहे. ताडोबाच्या पश्चिम सीमेवरच्या शेतांत जीवशास्त्रज्ञ डॉ. मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी पीकनुकसानीचा अभ्यास केला. जंगलापासून जसजसे दूर जावे तसतसे नुकसान घटत गेले. आणि डोळ्यांनी पाहून लावलेला अंदाज प्रत्यक्ष उत्पन्नात आलेल्या घटीपेक्षा बराच कमी निघाला. कोवळे पीक खाल्ले की ते पुन्हा फुटते, शेत हिरवे दिसते, पंचनामा करणाऱ्याला काहीच दिसत नाही. तूट कळते ती खळ्यावर. म्हणजे काजूत माणूस नुकसान फुगवून सांगण्याची शक्यता, तर भात-नाचणीत ते कमी दिसण्याची. एकच टक्केवारी सगळ्या पिकांना लावणारी कुठलीही योजना इथेच फसते.

आता राखणदार. हंगामाचे ९० दिवस, रोज ४०० रुपये, झाले ३६,०००. चांगल्या राखणदाराने नुकसान निम्मे केले असे धरा, वाचले ७,२००. एकट्याने राखणदार ठेवणे हा सरळ २८,८०० रुपयांचा तोटा. लागून असलेल्या पाच बागा एकत्र आल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला ७,२०० येतात, म्हणजे बरोबरी. सहा आले तर थोडे सुटतात. पण माकडे दिवसभर येत नाहीत. सकाळी उन्ह चढेपर्यंत आणि दुपार कलल्यावर, या दोन वेळा सांभाळल्या की बरेचसे काम होते. गावातल्याच माणसाला दोन पाळ्यांचे मिळून २५० रुपये दिले तर हंगामाचा खर्च २२,५०० होतो आणि चार शेजाऱ्यांतही परवडतो. अट एकच, बागा सलग हव्यात. मध्ये कोणाची तरी पडीक जमीन असली तर कळप तिथे बसून वाट बघतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तुमचे वडील सकाळपासून बागेत बसतात ते ‘फुकट’ नाही. घरच्या माणसाच्या श्रमाची किंमत शून्य धरायची सवय आपल्याकडे घट्ट आहे आणि सगळे हिशेब तिथेच बिघडतात. सत्तर वर्षांच्या माणसाने तीन महिने दगडावर बसून काढायचे आणि त्याच्या बदल्यात सात हजारांचा काजू वाचवायचा, हा व्यवहार तुम्ही दुसऱ्या कोणाशी केला नसता. आणि पाइपात कार्बाइड घालून उडवायच्या त्या बंदुका तर घरात आणूच नका. माकडे आठवड्याभरात त्या आवाजाला सरावतात, आणि उलटा भडका उडाला तर माणसाचा डोळा जातो.

कुंपणाचा हिशेब भूमितीचा आहे. दोन एकरांचा चौरस तुकडा घेतला तर त्याची कड साधारण ३६० मीटर. सहा शेजाऱ्यांचे बारा एकर एकत्र घेतले तर कड ८८० मीटर, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १४७. तेच संरक्षण निम्म्याहून कमी तारेत. शिवाय एकट्याने कुंपण घातले की डुक्कर उपाशी राहत नाही, शेजाऱ्याकडे जाते. तुमचा फायदा हा त्याचा तोटा होतो आणि पुढच्या वर्षी तोही घालतो. गावाचा मिळून खर्च वाढतो आणि डुकरे तेवढीच राहतात. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला ७५ टक्के, पण १५,००० रुपयांच्या मर्यादेत, अनुदान मिळते. ते माणशी मिळते, तेव्हा प्रत्येकाने वेगळा अर्ज करावा आणि कुंपण मात्र एकत्र आखावे.

पण तुम्हाला दोन एकरांना कुंपण हवेच आहे का? माकडांना ते अडवत नाही. ती फांद्यांवरून येतात. जुन्या काजूच्या झाडाला डुकराचा फारसा उपद्रव नसतो. तुमचे नुकसान नव्या माडांच्या रोपांचे आहे. मग तेवढाच तुकडा आणि परसातली सुरण-रताळी कुंपणात घ्या. पावसाळ्यात तारेला वेल आणि गवत टेकले की झटका मरतो. दर पंधरा दिवसांनी तारेखालचे गवत काढणारा माणूस नसेल तर ते कुंपण दुसऱ्या वर्षी नुसती तार उरते. हे काम कोणाचे, हे कुंपण घालण्याआधी ठरवा. आणि घरच्या विजेचा थेट प्रवाह तारेत सोडण्याचा विचार कोणी बोलून दाखवला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. सौर यंत्राचा झटका क्षणिक असतो. थेट प्रवाहाने डुकराबरोबर पहाटे बाहेर पडलेली माणसे आणि गुरेही मरतात, आणि तो गुन्हा आहे.

भरपाईबद्दल लोक दोन टोकांचे बोलतात: ‘काही मिळत नाही’ किंवा ‘सरकारने सगळे द्यावे’. ही व्यवस्था घटना घडली की पैसे देण्यासाठी बनली आहे. २००२ मध्ये कर्नाटकातून दोडामार्गात हत्ती उतरले तेव्हापासून तालुक्याने हा अनुभव घेतला आहे: एका रात्रीत वीस माड आडवे, सकाळी पाऊलखुणा, पंचनामा, रक्कम. अशा नुकसानीत अर्ज केलाच पाहिजे. तीन दिवसांच्या आत कळवा, पडलेली झाडे हलवण्याआधी फोटो काढा, सातबारा तयार ठेवा. माकडांचे नुकसान मात्र ठिबकते. आज चार शहाळी, उद्या सहा. कुठल्याही एका दिवसाचे नुकसान अर्जाच्या खर्चाएवढे भरत नाही. तालुक्याच्या दोन फेऱ्या म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे. तेवढ्यासाठी कोण जाईल? म्हणून अर्ज होत नाहीत, अर्ज नाहीत म्हणून कागदावर नुकसान नाही, आणि नुकसान नाही म्हणून तरतूद नाही. कर्नाटकातल्या बंदीपूर-नागरहोळेच्या जंगलांभोवती २०१५ पासून ‘वाइल्ड सेवे’ नावाच्या उपक्रमात शेतकरी एका क्रमांकावर फोन करतो आणि कार्यकर्ता शेतावर येऊन कागद पूर्ण करतो. भरपाईचा दर तोच, पण ती मिळवण्याचा खर्च उतरला. आपल्याकडे ग्रामपंचायतीने हंगामात एका शिकलेल्या मुलाला मानधनावर हे काम दिले तर ते मला कुंपणाच्या अनुदानापेक्षा जास्त मोलाचे वाटते. वर सांगितलेली वही इथे कामाला येते.

आता ज्याच्यासाठी हे सगळे लिहायला घेतले तो भाग. माकडताप पहिल्यांदा ओळखला गेला तो १९५७ मध्ये, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात, आणि त्याचा विषाणू शोधण्याचे काम पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने केले, जी आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. अनेक दशके तो तिथल्या काही तालुक्यांपुरता होता. मग बंदीपूर, वायनाड, २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यातले पाली, २०१६ च्या सुरुवातीला तुमच्याच तालुक्यातले केर, पुढच्या हंगामात बांद्याचा परिसर. पालीच्या साथीवर पुण्याच्या शास्त्रज्ञांनी लिहिले तेव्हा त्यांचा विषयच काजूच्या बागेत काम करणारी माणसे हा होता.

हा ताप माणसाला सहसा माकडाकडून लागत नाही, गोचिडीकडून लागतो. गोचिडीचे पिल्लू तिळाहून लहान, चावले तरी कळत नाही. त्याचा काळ साधारण डिसेंबर ते मे. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. आणि काम कसे चालते ते डोळ्यासमोर आणा. बायका झाडाखाली उकिडव्या बसतात, पातेरा (गळलेली सुकी पाने) हाताने बाजूला सारतात, बोंडू उचलतात, बी पिळून काढतात, पुढे सरकतात. पायात स्लीपर, बऱ्याचदा अनवाणी. पिल्ले असतात ती नेमकी त्याच पातेऱ्यात आणि त्याच घोट्याएवढ्या गवतात. याच महिन्यांत भाजावळीसाठी (पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी) आणि गोठ्यात गुरांखाली पसरायला पातेऱ्याचे भारे डोक्यावरून घरी येतात. गुरे रानात चरून येतात, मोठ्या गोचिडी त्यांच्या अंगावर पोसतात. गुरांना हा आजार होत नाही, पण गोचिडी वाढवण्याचे काम त्यांच्या अंगावर होते.

ताप अचानक चढतो, डोके फुटेल असे दुखते, अंग मोडून येते. काहींना रक्तस्राव होतो, काहींना उतरलेला ताप दुसऱ्यांदा येतो आणि मेंदूवर परिणाम करतो. रुग्णांपैकी साधारण शंभरात तीन ते पाच दगावतात. विषाणूवर नेमके औषध नाही. आधाराचे उपचार वेळेत मिळणे, हेच औषध. जुनी लस होती. शिमोगा भागातल्या अभ्यासात दोन डोसांनी सुमारे ६२ टक्के आणि बूस्टर घेतलेल्यांत सुमारे ८३ टक्के संरक्षण दिसले होते. तिचा वापर २०२२ च्या सुमारास थांबला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि इंडियन इम्युनोलॉजिकल्स नव्या लसीवर काम करत आहेत. ती येईपर्यंत आपल्या हिशेबात लस धरता येत नाही.

आता आकडे. तुमच्या बागेत आई, वहिनी आणि मजुरीवर आलेल्या दोघी, अशा चौघी काम करतात असे धरा. गावात साथ असलेल्या हंगामात बागेत वावरणाऱ्या शंभरांपैकी पाच जणांना लागण होते असे धरा. एका आजारपणात ऐन हंगामाचा महिना जातो: १२,००० रुपये मजुरी. गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या फेऱ्या, सोबत राहणाऱ्याचे दिवस, औषधे मिळून आणखी ८,०००. म्हणजे एका रुग्णामागे २०,००० आणि चौघींमागे सरासरी जोखीम ४,००० रुपये. काजूच्या १४,४०० पुढे हे कमी दिसते, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात.

जिवाची किंमत यात आलेलीच नाही. ती रुपयांत मांडायला मलाही जड जाते, पण सरकारने एक आकडा आधीच मांडून ठेवला आहे. महाराष्ट्रात वाघ, बिबट्या किंवा गव्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर कुटुंबाला २५ लाख रुपये मिळतात. त्याच रानाच्या कडेला, त्याच रानातल्या गोचिडीने माणूस गेला तर तो त्या यादीत बसत नाही. तोच आकडा इथे लावू. चौघी, शंभरात पाच लागण, रुग्णांपैकी शंभरात तीन मृत्यू. ०.००६ गुणिले २५ लाख, म्हणजे १५,०००. आजारपणाचे ४,००० मिळवून १९,०००. साथीच्या हंगामात तुमच्या बागेतल्या चौघींच्या अंगावर असलेली जोखीम माकडांनी नेलेल्या काजूपेक्षा मोठी आहे. ग्रामसभेत मात्र सगळा वेळ काजूवर जातो.

साथ दरवर्षी येत नाही, हे खरे. तुमच्या गावात पाच वर्षांतून एकदा येते असे धरले तर वर्षाला ३,८०० पडतात. प्रतिबंधाचा खर्च किती? दिवाळीच्या सुमारास बागेतले गवत कापताना झाडाखालचा भाग आणि येण्याजाण्याच्या वाटा साफ करायच्या, जानेवारीत पान गळल्यावर दाताळ्याने पातेरा पुन्हा ओढून घ्यायचा. मजुरीचे चार दिवस जास्त धरा, १,६००. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दोन-तीन हंगाम टिकतात, वर्षाला ९०० धरा. बेरीज २,५००. गोचिडी दूर ठेवायला अंगाला लावायचे डीएमपी किंवा डेपा तेल प्राथमिक आरोग्य केंद्रात मागा. कामावरून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे लगेच धुवायला, याला पैसे लागत नाहीत, पण चूल आधी पेटवून ठेवणारा कोणीतरी लागतो. वडिलांना बागेत बसवण्यापेक्षा हे काम द्या. गुरांना गोचीडनाशक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने हंगामाआधी लावून घ्या. ओढलेला पातेरा जागेवर पेटवू नका, फेब्रुवारीत काजूच्या बागा अशाच जळतात.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे बातमी. माकडेही या तापाने मरतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात आणि ती जागा काही काळ धोक्याची होते. माकड मेलेले दिसले की हात न लावता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर आणि आरोग्य केंद्राला कळवायचे. मग तपासणी होते, त्या जागेभोवती फवारणी होते, गाव सावध होते. माकड न मरताही माणसांत रुग्ण निघू शकतात, म्हणून ही खूण पुरेशी नाही. पण तिच्याइतकी स्वस्त खूण दुसरी नाही. आणि ती लपवली जाते. बागेत माकड मेले असे कळले की मजूर यायचे बंद होतील, विचारपूस होईल, या भीतीने मालक खड्डा खणून मोकळा होतो. त्याच्या दृष्टीने हिशेब बरोबर आहे. तोटा होतो तो शेजारच्या बागेत बोंडू वेचणाऱ्या बाईचा. म्हणून माझे ठाम मत आहे की पंचायतीने मेलेले माकड कळवणाऱ्याला काही रक्कम द्यावी आणि त्या बागेच्या थांबलेल्या तोडणीचा भार गावाने वाटून घ्यावा. मारलेल्या माकडामागे बक्षीस मात्र कधीही ठेवू नये, नाहीतर माणसे गोचिडींनी भरलेली कलेवरे हातात घेऊन फिरतील.

सावधगिरीच्या हंगामात काय करायचे तेही आधीच ठरवा. रानाला लागून असलेली वीस झाडे म्हणजे १२,००० रुपयांचा काजू. तो सोडून द्या असे मी पहिल्या दिवशीच म्हणणार नाही. रोजच्या ऐवजी चार-सहा दिवसांतून एकदा वेचणी करा. पाऊस नसेल तर बी चार-सहा दिवस जमिनीवर टिकते, आणि पातेऱ्यात बसण्याचे दिवस थेट घटतात. काही बी साळिंदर आणि चोर नेतील, ते सोसावे. पण त्याच कोपऱ्यात माकड मेले असेल तर ती झाडे त्या वर्षापुरती विसरा.

मजुरीवरच्या दोघींचे आजारपण तुमच्या वहीत कधीच येत नाही, ते त्यांच्या घरी जाते. म्हणून सगळ्याच बागायतदारांच्या वहीत प्रतिबंधाचा खर्च ‘न परवडणारा’ दिसतो. त्यांना बूट तुम्ही द्या, आणि हंगामात ताप आला तर पहिल्या आठवड्याची मजुरी चालू राहील असे कबूल करा. त्याने बाई पहिल्याच दिवशी ‘ताप आहे’ म्हणून सांगेल, गोळी खाऊन कामावर येणार नाही, आणि तपासणी वेळेत होईल. डॉक्टरांना काजूच्या बागेत काम करतो हे आपणहून सांगायचे. पावसाळ्यातल्या तापात आपल्या जिल्ह्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) विचार लगेच होतो, तसा उन्हाळ्यातल्या तापात याचा व्हायला हवा.

आता माकडे हलवण्याबद्दल. विषाणू नुसता माकडांत राहत नाही. उंदीर, चिचुंद्री यांसारख्या लहान प्राण्यांत आणि गोचिडींत तो टिकून असतो. माकडे नेली तरी पातेऱ्यातले चक्र चालूच राहते. पकडलेला कळप दुसऱ्या तालुक्यात सोडणे म्हणजे त्यांच्या अंगावरच्या गोचिडीही तिथे सोडणे. साथीच्या पट्ट्यातून हे करणे मला घातक वाटते. आणि रिकाम्या जागेत अन्न तेवढेच असते, बाजूचा कळप काही महिन्यांत तिथे येतो. प्राणी मारून रोग आटोक्यात आणण्याचा मोठा आणि नीट मोजलेला प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. गुरांचा क्षयरोग पसरवतात म्हणून १९९८ पासून सुमारे ११,००० बॅजर (बिळात कळपाने राहणारे रानटी प्राणी) मारले गेले. मारलेल्या क्षेत्रात रोग काहीसा घटला, पण विस्कटलेले कळप भटकू लागल्याने भोवतालच्या क्षेत्रात तो वाढला, आणि खर्चाच्या मानाने हाती काही लागले नाही असा निष्कर्ष २००७ मध्ये तिथल्या स्वतंत्र शास्त्रीय गटाने दिला. माकड आणि बॅजर वेगळे, पण कळप विस्कटला की काय होते हे त्यातून कळते. डुकरांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यासाठी वनखात्याच्या परवानगीची कायदेशीर वाट आहे, तिचा वापर गावाने जरूर करावा.

शेवटी रबर. कलम लावल्यापासून चीक काढायला साधारण सात वर्षे जातात, तोवर उत्पन्न नाही आणि भाव तुमच्या हातात नाही. माकडांचा त्रास कमी होईल, हे मान्य. पण रबराखालीही पातेरा असतो आणि चीक काढणारा माणूस पहाटे त्याच पातेऱ्यातून झाडाझाडाला फिरतो. तुम्ही मोडायला निघालात ते उभे, भरात आलेले काजू आहेत. पिकाची १५ टक्के गळती थांबवण्यासाठी सात वर्षांचे १०० टक्के सोडायचे, हा व्यवहार मी कोणालाही सांगणार नाही. वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत आधीच नाचणी, वरी, कुळीथ प्राण्यांच्या भीतीने थांबले आहेत. तो तोटा कुठल्या पंचनाम्यात आला नाही. या वर्षी २,५०० माणसांवर घाला, चार शेजाऱ्यांना दिवाळीत एकत्र बसवून राखणदाराचे ठरवा, नव्या माडांपुरते कुंपण घाला आणि वही सुरू करा. मे महिन्यात वहीतला आकडा १५ टक्क्यांऐवजी ३० निघाला तर रबराचा नाही, पण राखणदाराच्या पूर्ण पाळीचा विचार पुन्हा करू. तेव्हा तो तिघांतही परवडेल.